लग्नसराईत डब्बा (कॉम्प्युटर) बसला तर? डिस्क, एसएसडी, अर्थिंग, कूलर, विंडोज… जे माहीत असेल ते सांगा

पत्रिकावाला

नमस्कार मंडळी. नागपूरच्या महालात डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं मांडायचं, छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तूची कार्डं, तेरवीचे निरोप, दोन शाळांच्या प्रश्नपत्रिका, असं काम. सीझन तोंडावर आहे आणि मशीन रडून राहिली आहे.

चौथ्या पिढीचा आय५ प्रोसेसर, एच८१ चा मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच काडी, १ टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. पानं मांडायला पेजमेकर ७, चित्रांना कोरल आणि मराठी टायपिंगला डोंगलवाली (यूएसबीत लावायच्या परवान्याच्या चावीवाली) श्रीलिपी. सकाळी मशीन सुरू करून समोरच्या टपरीवर चहा पिऊन आलो तरी डेस्कटॉप पूर्ण आलेला नसतो. पेजमेकरमध्ये सेव्ह दाबलं की कधीकधी माऊस गोठतो, आतून टिक-टिक ऐकू येते, मग एकदम सगळं सुरू. लाईन गेली की इन्व्हर्टर आहे, पंखा फिरत राहतो, पण मशीन रिस्टार्ट होते. आणि चप्पल काढून कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला हात लावला की झिणझिण्या येतात.

दुकानदार म्हणते नवीन घ्या, हे भंगार झालं. नवीन आत्ता जमत नाही. आधी काय बदलू? खिडकीत कूलर आहे, टेबल त्याच्या समोरच आहे, तेही सांगून ठेवतो.

तर्री_पोहे

भाऊ, आधी काही बदलू नको. टिक-टिक म्हणतोस म्हणजे पहिलं काम बॅकअप. आजच्या आज. चालू ऑर्डरी, पेजमेकरच्या पीएमडी आणि कोरलच्या सीडीआर फाईली, फॉन्टचं फोल्डर, श्रीलिपीचा सेटअप, जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर, सगळं दुसऱ्या डिस्कवर टाक. फॉन्ट लोक हमखास विसरतात, मग फाईल उघडते पण नवरदेवाच्या नावाच्या जागी चिनी मिनी दिसते.

ते झालं की क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम) टाकून ०५, सी५, सी६ आणि सी७ या चार ओळींचा आकडा इथे सांग. रंग निळा आहे की पिवळा तेही.

पत्रिकावाला

बॅकअप लावला आहे, पोट्ट्याची बाहेरची डिस्क घेतली. कासवासारखा चालून राहिला. रंग पिवळा, 'कॉशन' लिहून येते. ०५ ला शून्य, सी५ ला १८, सी६ ला १८, सी७ ला बरेच आकडे आणि अक्षरं. तापमान ५२.

तर्री_पोहे

ते १८ म्हणजे अठरा नाहीत. तो प्रोग्राम कच्चे आकडे मुळात षोडशमान पद्धतीत दाखवतो. १८ म्हणजे २४. मेनूत जाऊन दशमान कर, म्हणजे अक्षरं जातील.

अर्थ असा. सी५ म्हणजे डिस्कला वाचता न येणारे, पण अजून बाद न केलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे). ०५ म्हणजे बाद करून राखीव जागेत हलवलेले. तुझे २४ सेक्टर अजून लटकलेले आहेत. त्यातला एखादा वाचायला गेलं की डिस्क पुन्हापुन्हा प्रयत्न करते, तेवढा वेळ विंडोज थिजते. तुझा माऊस तिथेच गोठतो. सी७ चा डिस्कच्या तबकडीशी संबंध नाही, तो डिस्क आणि बोर्डाच्या मधल्या साटा केबलचा मामला आहे. केबल बदल, शंभर-दीडशेत येते. तो आकडा मागे जात नाही, पण वाढायचा थांबला पाहिजे.

संत्रानगरी

विंडोजचं चेक डिस्क चालवून घ्या ना 'स्लॅश आर' लावून, बॅड सेक्टर निघून जातात. माझ्याकडे काम झालं होतं.

सावजी

अजिबात नको. मरत्या डिस्कवर चेक डिस्क 'स्लॅश आर' म्हणजे तिला शेवटपर्यंत पळवणं. प्रत्येक सेक्टर वाचायला लावते, जिथे अडते तिथे रगडते, आणि वर फाईलींची रचनाही बदलते. डीफ्रॅगही (फाईलींचे विखुरलेले तुकडे जुळवणं) नको. अशा डिस्ककडून जितकं कमी काम करून घ्याल तितकं बरं.

कॉपी अडकत असेल तर विंडोजऐवजी लिनक्सच्या लाईव्ह पेनड्राईव्हवरून मशीन सुरू करून डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम चालवा. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, अडलेला भाग मॅप फाईलमध्ये नोंदवून पुढे जाते आणि शेवटी तेवढ्याकडेच परत येते. मध्ये लाईन गेली तरी मॅपमुळे जिथे थांबलं तिथून सुरू होते. नागपुरात हा गुण छोटा नाही. एकच सांभाळा, कोणती डिस्क 'पासून' आणि कोणती 'कडे' हे दोनदा पाहा. उलटं झालं तर कोरी डिस्क तुमच्या धंद्यावर ओतली जाईल.

आणि 'फक्त २४ तर आहेत' असं मनात आणू नका. गुगलने २००७ मध्ये स्वतःच्या लाखभराहून जास्त डिस्कांचा अभ्यास छापला होता. पहिली स्कॅन एरर (स्वतःची तपासणी करताना डिस्कला सापडलेली चूक) आलेल्या डिस्का पुढच्या ६० दिवसांत बिघडण्याची शक्यता बिनएररवाल्यांच्या ३९ पट निघाली. त्याच अभ्यासात उलटंही आहे. बिघडलेल्यांपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कांनी स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदींच्या, अभ्यासातल्या मुख्य चार खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. म्हणजे पिवळा दिसला तर पळा, पण निळा दिसला म्हणून झोपू नका.

संत्रानगरी

आणि ते डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचं?

सावजी

फ्रीजरमध्ये कुल्फी ठेवा.

फुटाळा

आता खरेदीकडे. एच८१ वर एनव्हीएमईचा (सरळ बोर्डात बसणाऱ्या वेगवान एसएसडीचा) नाद करू नका, बोर्डाला तो खाचाच नसतो. साधी अडीच इंची साटा एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) घ्या. वेग साडेपाचशे एमबीच्या आसपास थांबतो, पण इथे तो आकडा महत्त्वाचा नाही. हार्ड डिस्कचा काटा इकडून तिकडे जायला दर खेपेला दहा-बारा मिलिसेकंद घेतो, आणि विंडोज सुरू होताना अशा हजारो खेपा होतात. एसएसडीत काटाच नाही. चहा प्यायला वेगळं कारण शोधावं लागेल.

एक गंमत. एच८१ वर चार साटा पोर्ट असतात, त्यातले दोनच ६ गिगाबिटचे, उरलेले दोन ३ गिगाबिटचे. बऱ्याच बोर्डांवर रंग वेगळा असतो किंवा बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. एसएसडी ६ वाल्यात लावा. दुकानातला पोऱ्या हाताला लागेल त्यात खुपसतो आणि गिऱ्हाईक म्हणते एसएसडीत दम नाही.

बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) साटा मोड एएचसीआय आहे का पाहा. जुन्या मशीनवर बरेचदा आयडीई हा जुना मोड सोडलेला असतो. नवीन विंडोज टाकणार असाल तर आधी एएचसीआय करा आणि मग टाका. चालू विंडोजवर नुसतं बदललं तर निळा पडदा. त्याला सेफ मोडमधून वाट आहे, पण तुम्हाला गरज पडू नये.

साईज ५०० जीबी घ्या. चिप टीएलसी आहे की क्यूएलसी (एका पेशीत तीन बिट की चार) ते विचारा. क्यूएलसी स्वस्त, पण एकदम ५०-६० जीबी ओतलं की कॅश (झटपट लिहायची राखीव जागा) भरते आणि वेग हार्ड डिस्कच्याही खाली येतो. पत्रिकांच्या कामात एवढं ओतत नाही कोणी, तरी फरक थोडाच असेल तर टीएलसी. बर्डीत घ्या, धरमपेठेत घ्या, बिल मात्र पक्कं घ्या. वॉरंटीत सिरियल नंबर आणि तारीख बोलते, ओळख बोलत नाही.

बर्डीकर

फुटाळाभाऊंना अनुमोदन. जोडीला एक, 'दोन टीबी फक्त सातशे रुपये' वाले पेनड्राईव्ह आणि डिस्का घेऊ नका. आत ३२ किंवा ६४ जीबीची चिप आणि कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं. फाईली दिसतात, उघडत नाहीत. घेतल्या घेतल्या एचटूटेस्टडब्ल्यू चालवा, लिनक्सवर एफ३. पूर्ण भरून परत वाचून पाहते, रात्रभर लागला तरी चालेल.

रॅमचं म्हणाल तर डीडीआर३ ची तशीच ८ ची दुसरी काडी सेकंडहँडमध्ये पाहा. एच८१ ला दोनच खाचा आणि १६ ची मर्यादा. दोन काड्या झाल्या की ड्युअल चॅनेल सुरू होते, दोन्ही काड्या एकदम वापरल्या जातात. पण आधी एसएसडी. २०२५ च्या शेवटापासून मेमरीचे भाव असे चढले आहेत की 'सीझननंतर बघू' म्हणण्यात काही शहाणपण नाही.

कोथरूडचा_पाहुणा

पुण्यातून. माझा प्रश्न वेगळा आहे. तुमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश असतात. एसएसडी बंद करून ठेवली तर डेटा उडतो असं वाचलं होतं. मग बॅकअप एसएसडीवर घ्यावा का? आणि मुळात दुकानात एसी का लावत नाही?

तर्री_पोहे

एसी काऊन लावत नाही ते पत्रिकेमागे किती सुटतात ते ऐकल्यावर विचारा भाऊ.

फुटाळा

प्रश्न चांगला आहे. ते खरं आहे, पण अर्धंच फिरतं. घरगुती एसएसडीसाठी जेडेकचं (मेमरीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं) मानक असं, की लिहिण्याची ठरलेली मर्यादा पूर्ण संपल्यावरही, वीज न देता, ३० अंशांत ठेवलेली डिस्क वर्षभर डेटा धरून राहिली पाहिजे. म्हणजे ते म्हाताऱ्या डिस्कचं बोलणं आहे. नव्या, कमी वापरलेल्या डिस्कला धोका बराच कमी. पण तापमान वाढलं की ही मुदत भराभर घटते. वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली, लोखंडी कपाटात ठेवलेली बॅकअपची एसएसडी म्हणजे त्या मानकाच्या अगदी उलटं. म्हणून कपाटात ठेवायचा बॅकअप हार्ड डिस्कवर, रोजचं काम एसएसडीवर. एसएसडीवरच ठेवायचा असेल तर अधूनमधून जोडून पूर्ण वाचून घ्या.

सावजी

आणि एक प्रत दुकानात, एक घरी. महालातल्या जुन्या वाड्याला आग लागली तर दोन्ही डिस्का एकाच टेबलावर असून काय फायदा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागा, एक बाहेर, हा जुना हिशोब अजून चालतो. सगळं क्लाउडवर चढवायचं नसेल तर चालू सीझनच्या पीएमडी फाईली तरी चढवा. त्या केवढ्याशा असतात.

निवृत्त_वायरमन

मी कॉम्प्युटरवाला नाही, पण झिणझिण्या वाचून राहवलं नाही. तुम्ही सगळे डिस्क-डिस्क करून राहिले आणि माणूस करंटला हात लावून बसला आहे.

पत्रिकावाले, ऐका. एसएमपीएसच्या (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) आत फिल्टर असतो. त्यात फेजपासून बॉडीला एक आणि न्यूट्रलपासून बॉडीला एक असे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून येणारा बारीकसा करंट जमिनीत जातो, तुम्हाला कळतही नाही. अर्थिंग नसेल तर बॉडी अधांतरी राहते आणि तिच्यावर निम्मा व्होल्टेज चढतो, साधारण ११५. करंट मिलिअँपियरच्याही आत असतो म्हणून झिणझिण्यांवर भागते. पण नुसत्या झिणझिण्यांवरून ते कपॅसिटर आहेत की आत वायर सोलली गेली आहे हे मी सांगू शकत नाही, तुम्हीही नाही.

मल्टिमीटर घ्या, एसी व्होल्टवर ठेवा, सॉकेटमध्ये तीन रीडिंग घ्या. फेज आणि न्यूट्रल, २३० च्या आसपास. फेज आणि अर्थ, जवळपास तेवढंच. न्यूट्रल आणि अर्थ, दोन-तीन व्होल्टच्या आत. दुसरं रीडिंग भलतंच आलं किंवा तिसरं मोठं आलं, तर अर्थ एकतर नाहीच किंवा नावाला आहे. हात सराईत नसेल तर स्वतः करू नका, लायसन्सवाला वायरमन बोलवा.

जुन्या वाड्यांत मी काय काय पाहिलं सांगू? तीन पिनचं सॉकेट वरून नवंकोरं आणि मागे दोनच वायरी. हिरवी वायर बोर्डापर्यंत आलेली आणि तिथे टेप गुंडाळून गप्प बसवलेली. एका ठिकाणी तर कोणी शहाण्याने अर्थची पिन आतून न्यूट्रलला जोडून टाकली होती, मीटर लावला तर सगळं बरोबर दिसते. ते सगळ्यात वाईट. न्यूट्रल कुठे तुटला की कॅबिनेटवर पूर्ण २३० उभे राहतात. असं कोणी सुचवलं तर त्याला चहा पाजून वापस पाठवा.

आणखी एक, हे खास आपल्याकडचं. अर्थिंगचा खड्डा पावसाळ्यात ठीक असते, मे महिन्यात जमीन भेगाळली की तोच निकामी होतो. सुकलेल्या मातीतून करंट जात नाही. खड्ड्याला पाईप ठेवलेला असतो तो शोभेला नाही, उन्हाळाभर त्यात पाणी ओतत राहायचं. खड्ड्यात भरलेलं कोळसा-मीठ कधीचं आहे तेही विचारा.

आणि तुमचा कूलर लोखंडी असेल तर कॉम्प्युटरच्याही आधी त्याचं अर्थिंग पाहा. दरवर्षी उन्हाळ्यात कूलरच्या शॉकच्या बातम्या येतात. टाकीत पाणी भरताना प्लग ओढूनच भरा, नुसतं बटण बंद करून नाही. विजेच्या बोर्डावर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) बसवून घ्या.

पेंग्विनताई

काका, ही पोस्ट प्रिंट काढून दुकानादुकानांत लावायला हवी.

संत्रानगरी

मी तर इतकी वर्षं समजत होतो की कॉम्प्युटर म्हटला की थोडा करंट असतोच.

निवृत्त_वायरमन

असतोच म्हणणाऱ्यांच्याच घरी मला बोलावणं यायचं.

तर्री_पोहे

इन्व्हर्टरचं राहिलं. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरला मागे किंवा पुढे एक बटण असते, यूपीएस मोड आणि साधा किंवा इको मोड. साध्यात लाईन गेल्यावर बॅटरीवर यायला वीस-तीस मिलिसेकंद तरी जातात. पंख्याला, ट्यूबला काही फरक पडत नाही. एसएमपीएस मात्र पूर्ण लोडवर सोळा-सतरा मिलिसेकंद दम धरेल अशा हिशोबाने बनवलेला असतो, आणि तोही नवीन असताना. आतले कपॅसिटर म्हातारे झाले की तेवढाही धरत नाही. बटण यूपीएस मोडवर कर, बदल दहा मिलिसेकंदांच्या आसपास येतो.

त्याची किंमत अशी, की यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर व्होल्टेजबद्दल नाजूक होतो. १८० च्या खाली गेलं की बॅटरीवर उडी मारतो. दुपारी सगळ्या गल्लीचे कूलर आणि एसी सुरू झाले की व्होल्टेज पडते आणि बॅटरी उगाच उतरत राहते. म्हणून मी म्हणेन, मशीनला ६०० व्हीएचा वेगळा यूपीएस दे. ६०० व्हीए म्हणजे ३६० वॅट धर, तुझं मशीन आणि मॉनिटर आरामात बसतात. त्यावर लेझर प्रिंटर लावू नको. प्रिंटर गरम होताना एकदम ओढतो आणि यूपीएस किंचाळून बंद पडतो.

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा (चौकोनी लहरीची वीज देणारा) असेल तर त्याच्या मागे यूपीएस लावल्यावर यूपीएस ती लाईन मानतच नाही, बॅटरीवरच अडून बसतो. साइन वेव्हवर हा त्रास नाही.

बर्डीकर

बॅटरी उन्हात ठेवू नका हेही लिहा. शिसे-आम्लाची बॅटरी २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांमागे आयुष्य निम्म्यावर आणते. बाल्कनीत पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेल्या बॅटऱ्या दोन वर्षांत का मरतात याचं उत्तर हेच. डिस्टिल्ड पाणी, बोअरचं नाही.

फुटाळा

आता कूलर. पत्रिकावाले, टेबल कूलरच्या तोंडासमोरून हलवा. कोरड्या हवेत कूलर दहा-पंधरा अंश सहज उतरवतो, बाहेर ४५ असताना हे वरदानच आहे. सीपीयूचं तापमान खोलीच्या मागोमाग चालते. खोली दहाने उतरली की तोही साधारण दहाने उतरतो. म्हणजे कूलर मशीनचा शत्रू नाही. भानगड दोन गोष्टींची. ताट्या (कूलरच्या बाजूचे गवती पडदे) जास्त भिजल्या की झोतात बारीक थेंब येतात. पाणी जड असेल तर ते सुकून बोर्डावर पांढरी पावडर बसते, आणि त्यावर धूळ चिकटून लेप तयार होतो. तोच लेप पावसाळ्यात ओलावा धरतो. माझ्या ओळखीच्या एका सायबर कॅफेत मेमरीच्या खाचांत ही पांढरी रेघ मी नखाने काढली आहे.

मशीन झोताच्या बाजूला ठेवा, जमिनीपासून फूटभर वर, आणि समोरच्या भिंतीची खिडकी थोडी उघडी ठेवा. हवा बाहेर पडायला वाट नसली की खोलीत नुसता दमटपणा साचतो, गारवा येत नाही.

साफ करताना ब्लोअर मारा, पण पंख्याचं पातं बोटाने धरून. नाहीतर तो वेड्यासारखा फिरतो, बेअरिंग जाते. सीपीयूवरचा हीटसिंक काढलाच तर जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावा, वाटाण्याएवढी पुरे. दहा वर्षांची पेस्ट खडू झालेली असते.

संत्रानगरी

माझ्या मशीनवर तापमान पाहिलं तर एक सेन्सर १२७ दाखवते! सीपीयू ५८ आहे. जळून राहिलं का काही?

तर्री_पोहे

काही जळत नाही. बोर्डाच्या चिपला त्या पिनेवर सेन्सर जोडलेलाच नसतो, प्रोग्राम रिकामी जागा वाचून १२७ छापते. खरं असतं तर वास आला असता.

आपल्या नागपूरला हे शिकवायला नको. २०२४ च्या मे अखेरीस एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली, पाहुण्यांचे फोन आले की जिवंत आहात का. नंतर कळलं सेन्सरच बिघडला होता. एखादा आकडा शेजारच्या सगळ्यांपेक्षा भलताच दिसला तर आधी सेन्सरवर संशय घ्या. तुझा सीपीयू ५८ आहे, मजा कर.

पेंग्विनताई

विंडोजवर कोणीच बोललं नाही, म्हणून मी. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन बंद पडत नाही, सुरक्षेचे अपडेट बंद होतात. मायक्रोसॉफ्टने वाढीव मुदत दिली आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्ज सिंक ठेवल्या तर पैसे लागत नाहीत. अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा येतो. पत्रिकावाले, हा सीझन त्यात निघतो. आज एवढंच करा.

विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागते. तुमची चौथी. रूफस या प्रोग्रामने ही अडवणूक वगळून टाकता येते, पण मोठा अपडेट कधी अडेल याची हमी नाही, आणि ज्या मशीनवर पोट आहे त्यावर असले प्रयोग मी करणार नाही.

ऑक्टोबरनंतरचं माझं मत असं. पेजमेकर ७ हे २००१ चं. त्याला इंटरनेट लागत नाही. ते मशीन नेटवरून काढा, फक्त पत्रिका करा. व्हॉट्सॲप, मेल, गिऱ्हाईकाचे फोटो यांसाठी घरातला जुना लॅपटॉप काढा आणि त्यावर लिनक्स मिंट टाका. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड तयारच मिळतो. दोन मशीनमध्ये फाईल न्यायला एक पेनड्राईव्ह.

कोथरूडचा_पाहुणा

ताई, रूफसने टाकलेलं विंडोज ११ माझ्याकडे सहाव्या पिढीवर उत्तम चाललं आहे. उगाच घाबरवू नका. आणि पेजमेकर अजून कशाला? सरळ युनिकोडवर (कुठल्याही मशीनवर तीच मराठी अक्षरं दिसणाऱ्या पद्धतीवर) या, आधुनिक सॉफ्टवेअर घ्या.

पेंग्विनताई

तुमच्या घरचं बंद पडलं तर तुम्ही चिडाल. यांचं बंद पडलं तर कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका अडेल.

युनिकोडचं मात्र पटतं, पण घाई नको. श्रीलिपी, कृतिदेव, सुरेख, सगळ्यांचे फॉन्ट आतून इंग्रजी अक्षरांच्या जागा वापरतात. जुनी फाईल नुसती फॉन्ट बदलून युनिकोड होत नाही, कन्व्हर्टर लागतो. आणि कन्व्हर्टर नेमका 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'नवऱ्याचे' इथे अडखळतो, ऱ्य चा र्य करून ठेवतो. रफारही कधी एक अक्षर पुढे जाऊन बसतो. वाचून घेतल्याशिवाय छापू नका. आडनावात झालं तर वरपक्ष पत्रिका परत आणतो.

नवीन काम युनिकोडमध्ये सुरू करा, जुने साचे गरज पडेल तसे बदला. पेजमेकरच्या फाईली लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये उघडतात, मांडणी थोडी हलते, पण मजकूर आणि चित्रं हाती लागतात. पेजमेकर कायमचं बंद पडलं तर एवढा दरवाजा उघडा आहे.

पत्रिकावाला

इतक्या लोकांनी इतकं लिहिलं, आभार कसे मानू. अक्षय्य तृतीयेच्या ऑर्डरी गेल्या, आता सवड झाली म्हणून लिहितो.

बॅकअप निघाला. काही जुन्या फाईली वाचल्याच गेल्या नाहीत, त्यात एका शाळेच्या प्रश्नपत्रिका होत्या. त्यांच्याकडे छापील प्रत आहे, म्हणजे टाईप करू. बर्डीतून ५०० जीबीची टीएलसी एसएसडी आणि नवीन केबल घेतली. दुकानातल्या पोऱ्याने ३ वाल्या पोर्टमध्येच लावली होती! फुटाळाभाऊ, मी बोट दाखवून बदलायला लावली, तो पाहतच राहिला. आयडीई होतं, एएचसीआय केलं, विंडोज १० कोरं टाकलं. ॲक्टिव्हेशन आपोआप झालं, ते कसं?

वाढीव मुदतीची नोंदणीही झाली. श्रीलिपीच्या डोंगलने थोडं रडवलं, मागच्या यूएसबी पोर्टमध्ये लावल्यावर ओळखला.

वायरमनकाका, तुमचं शब्दशः खरं निघालं. हिरवी वायर बोर्डाच्या मागे टेप लावून मोकळी. वायरमन बोलावला, फेज-अर्थ १४० दाखवून राहिला होता. मालकाला सांगून नवीन वायर ओढली. कूलरचं सॉकेट तर दोन पिनांचंच होतं, तेही बदललं. आता झिणझिण्या नाहीत.

फुटाळा

विंडोज १० चं डिजिटल लायसन्स बोर्डाशी बांधलेलं असते, डिस्कशी नाही. बोर्ड तोच म्हणून विचारलं नाही. बोर्ड बदलला तर विचारेल.

निवृत्त_वायरमन

न्यूट्रल-अर्थ किती आलं?

पत्रिकावाला

काका, सकाळी १.८. दुपारी सगळे कूलर सुरू असताना ३.४.

निवृत्त_वायरमन

१.८ चांगलं. दुपारचं वाढते कारण लोड वाढला की न्यूट्रलमध्ये व्होल्टेज पडते. पण ३.४ म्हणजे न्यूट्रलचे जोड मीटरपासून एकदा आवळून घ्या. खड्ड्यात पाणी टाका, चार बादल्या, आणि पुन्हा मोजा. चार-पाचच्या वर गेलं तर मला सांगा. नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) यायचा आहे अजून.

सावजी

जुनी डिस्क भंगारात देण्याआधी विचार करा. तुमच्याकडे लोकांचे पत्ते, फोन नंबर, मुलांच्या प्रश्नपत्रिका आहेत. फॉरमॅट मारल्याने जात नाही, यादी जाते फक्त. चालत असेल तर एकदा पूर्ण शून्यांनी भरा. मध्येच अडून बसत असेल तर उघडा आणि तबकड्यांवर ड्रिल मारा. अडीच इंचीच्या तबकड्या काचेच्या असू शकतात, उडतात. तुमची साडेतीन इंची आहे, बहुधा ॲल्युमिनियमची, तरी चष्मा लावा.

संत्रानगरी

मी पण या धाग्यामुळे १ टीबीची एसएसडी घेऊन टाकली. विंडोजमध्ये ९३१ च दाखवते. दुकानदाराने फसवलं का?

तर्री_पोहे

नाही बे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. १ वर बारा शून्यं, त्याला तीनदा १०२४ ने भाग, ९३१ येते. तरी एचटूटेस्टडब्ल्यू चालवून घे, ९३१ खरे आहेत का ते पाहा.